वाचकांचे प्रश्न : कॉम्प्युटरला हरवतो, माणसासमोर मात्र गारद

या वेळी बरीच पत्रं एकाच दिशेने आलीत. स्ट्रॅटेजी गेमची प्रॅक्टिस करायला आपल्याला हवा तसा कॉम्प्युटर प्रतिस्पर्धी कुठे मिळतो, नसेल मिळत तर बनवता येतो का, आणि त्याच्याशी खेळून खरंच काही सुधारतं का. त्यातली निवडक घेतलीत. लांबलचक पत्रं थोडी कापलीत, रागावू नका.

एज ऑफ एम्पायर्स टू डेफिनिटिव्ह एडिशन बरेच दिवस खेळतोय. एक्स्ट्रीम (सगळ्यात अवघड) कॉम्प्युटरला अरेबिया मॅपवर बहुतेक वेळा हरवतो. पण रँक्डला, म्हणजे ऑनलाइन माणसांशी खेळायला, गेलो की समोरचा फ्युडल एज या दुसऱ्याच टप्प्यात चार स्काऊट (हलके घोडेस्वार) घेऊन येतो, लाकूडतोडे मारतो आणि बाराव्या मिनिटाला मी जीजी लिहून बाहेर. मग एवढी प्रॅक्टिस फुकट गेली का? – एक वाचक, नाशिक

फुकट नाही गेली हो, पण तुम्ही जे शिकलात ते "या एका कॉम्प्युटरला कसं हरवायचं" हे शिकलात. १९९९ च्या मूळ गेममधला कॉम्प्युटर वरच्या लेव्हलला फुकटचं सामान घ्यायचा, डेफिनिटिव्ह एडिशनमधला एक्स्ट्रीमवाला तसं करत नाही, प्रामाणिक खेळतो आणि बऱ्यापैकी खेळतो, त्यामुळे त्याला हरवणं ही काही साधी गोष्ट नाही हे आधी मान्य करू. गोची अशी की तो मागचा गेम लक्षात ठेवत नाही. तुमची डावीकडची लाकडाची जागा रोज उघडी असते हे माणसाला दुसऱ्या मिनिटाला स्काऊट फिरवताना दिसतं आणि तो तिथेच घुसतो, कॉम्प्युटर मात्र त्याच्या ठरलेल्या सवयीने येतो, आणि त्या सवयी तुम्हाला एव्हाना पाठ झाल्यात. तुम्ही नकळत तुमचा अख्खा गेम त्या सवयींच्या मापाने शिवून घेतलाय.

दुसरं म्हणजे एक्स्ट्रीम कधी काय करेल हे तो स्वतः ठरवतो. एका गेममध्ये दबाव लवकर येतो, दुसऱ्यात उशिरा, तिसऱ्यात येतच नाही, मग आज आपण कालपेक्षा बरं अडवलं की वाईट हे कळणार कसं? नेट्समध्ये बोलिंग मशिन लावतात तेव्हा त्याला विकेट काढायला सांगत नाहीत, एकाच टप्प्यावर एकाच वेगाने टाकत राहायला सांगतात. तुम्हाला तसा प्रतिस्पर्धी पाहिजे, जो फक्त स्काऊट रश (सुरुवातीलाच स्काऊटचा हल्ला) करेल, दर गेमला त्याच वेळी करेल आणि बाकी काही धड केलं नाही तरी चालेल.

आणि त्याच्यासमोर खेळताना जिंकलो का हरलो हे बघूच नका, फक्त टाउन सेंटर, म्हणजे व्हिलेजर (कामकरी माणसं) बनवणारी मुख्य इमारत, किती वेळ रिकामं राहिलं ते बघा. एक व्हिलेजर तयार व्हायला गेमच्या घड्याळात २५ सेकंद लागतात, रँक्डचा वेग १.७ असतो म्हणजे खऱ्या घड्याळात जेमतेम १५. चार घोड्यांकडे बघत बसलात आणि टाउन सेंटर गेमचं एक मिनिट बंद पडलं की दोन-अडीच व्हिलेजर गेले, तेही समोरच्याने तलवार न उचलता. बहुतेक लोक त्या चार स्काऊटनी मारलेल्या दोन लाकूडतोड्यांमुळे हरत नाहीत, ते बघताना न बनवलेल्या पाच-सहा जणांमुळे हरतात. गेममध्येच आर्ट ऑफ वॉर नावाची ट्रेनिंग मिशन्स आहेत, त्यात रश अडवायचं पण एक आहे, आधी ते करा, त्यात मेडल मिळतं म्हणून निदान मोजमाप तरी राहतं.

तुम्ही लोक नेहमी "स्वतःची एआय स्क्रिप्ट लिहा" म्हणता. मी कॉमर्सवाला आहे, प्रोग्रामिंगचा प पण येत नाही. एज टूमध्ये मला फक्त ठरलेल्या वेळेला हल्ला करणारा प्रतिस्पर्धी हवाय. जमेल का? – कोल्हापूरहून

जमेल, आणि कॉमर्सवाल्याला जास्त जमेल, कारण यात प्रोग्रामिंगपेक्षा हिशोब जास्त आहे.

गेमच्या फोल्डरमध्ये रिसोर्सेस, त्यात कॉमन, त्यात एआय नावाचं फोल्डर आहे. तिथे दोन फायली ठेवायच्या, नाव दोन्हीचं एकच, एकीचं शेपूट डॉट एआय आणि दुसरीचं डॉट पर. डॉट एआयवाली रिकामीच असते, तिचं काम फक्त लॉबीतल्या यादीत नाव दाखवणं. सगळा मसाला डॉट परमध्ये, आणि ती साध्या नोटपॅडमध्ये उघडते.

आत काय लिहायचं तर नियम. प्रत्येक नियम डेफरूल या शब्दाने सुरू होतो, वर अटी, मध्ये बाण, खाली कृती. म्हणजे मराठीत सांगायचं तर "व्हिलेजर बनवता येतोय आणि आपले व्हिलेजर अजून २२ च्या आत आहेत, तर एक बनव". एवढंच. कॉम्प्युटर ही अख्खी यादी वरून खाली परत परत वाचत राहतो आणि ज्या नियमाच्या सगळ्या अटी खऱ्या निघतील त्याची कृती करतो. एखादी गोष्ट एकदाच करायची असेल तर त्या नियमाच्या शेवटी डिसेबल-सेल्फ लिहायचं, मग तो नियम स्वतःला बंद करून घेतो. ते विसरून कुणी "सगळ्यांना चॅटवर नमस्कार कर" असा नियम लिहिला तर काय होईल याची कल्पना करा, स्क्रीनवर नमस्कारांचा पाऊस.

पहिल्या प्रयत्नात सगळ्यांचं एकच होतं, व्हिलेजर बनव असं लिहितात आणि घर बांध असं लिहितच नाहीत. टाउन सेंटरमध्ये पाच जणांचीच सोय, सुरुवातीला तीन व्हिलेजर आणि एक स्काऊट असतोच, म्हणजे तुमचा भयंकर शत्रू एक व्हिलेजर बनवून पाच डोकी घेऊन आयुष्यभर बसून राहतो. कॉम्प्युटरला शहाणपण अजिबात नाही, तुम्ही जे लिहाल तेवढंच तो करणार. घरं, गिरणी, लंबर कॅम्प, बॅरक्स, मग फ्युडलला ५०० फूड, मग घोड्यांसाठी स्टेबल, प्रत्येकाचा एकेक नियम लागतो. कोणी किती लाकडाला आणि किती अन्नाला जायचं हे स्ट्रॅटेजिक नंबर नावाच्या आकड्यांनी ठरतं, अन्नाला ६० टक्के, लाकडाला ४० टक्के असं लिहून द्यायचं, तो त्याप्रमाणे माणसं वाटतो. हे जे वाटप आहे ना, यात तुमचा कॉमर्सचा हात बसेल.

मग शेवटचा, मुख्य नियम. गेम-टाइम ६०० च्या पुढे गेला आणि स्काऊट किमान चार आहेत, तर अटॅक-नाऊ. हे ६०० म्हणजे गेमच्या घड्याळातले सेकंद, म्हणजे तिथली दहा मिनिटं, मोबाइलवर टायमर लावून बसलात तर १.७ वेगाला सहा मिनिटांच्या आतच घोडे दारात येतील, तेव्हा घाबरू नका. जरा हात बसला की ६०० चे ५४० करा.

आता समजा तुमच्या अर्ध्याकच्च्या स्क्रिप्टची इकॉनॉमी इतकी गचाळ निघाली की दहाव्या मिनिटाला तिच्याकडे दोनच स्काऊट आहेत. तर सरळ चीटिंग करा. सीसी-ॲड-रिसोर्स नावाची कृती आहे, कॉम्प्युटरच्या खिशात अन्न टाकते. लोकांना हे ऐकून वाईट वाटतं पण मला काहीच वाईट वाटत नाही, तुम्हाला त्याची शेती बघायची नाहीये, त्याचे घोडे वेळेवर यायला हवेत, ते कुठून आले याच्याशी काय घेणं.

बघायचं कसं? चीट चालू ठेवून सिंगल प्लेअर गेम लावा, चॅटमध्ये मार्को टाइप केलं की सगळा नकाशा उघडतो आणि पोलो टाइप केलं की धुकं जातं. मग स्वतः हात बांधून बसा आणि समोरचा काय करतोय ते बघा. कंस बंद करायला विसरलात किंवा एखादा शब्द चुकला तर गेम सुरू होतानाच ओळीच्या नंबरसकट एरर येतो, त्या ओळीच्या जरा वर पण बघा, विसरलेला कंस बऱ्याचदा तिथे असतो. आणि अगदी शून्यातून लिहायचा कंटाळा आला तर लोकांनी लिहिलेल्या एआय मोड म्हणून मिळतात, त्यातली एखादी उघडून वाचा, नियम ओळखीचे वाटायला लागतील.

स्टारक्राफ्ट टूमध्ये चीटर इन्सेनला हरवलं तर मी कोणत्या लीगचा समजायचं? आणि याच्यापेक्षा अवघड काही आहे का? मी इंजिनिअरिंगला आहे, पायथन येतं. – पुणे

कुठल्याच लीगचा (ऑनलाइन रँकिंगमधल्या गटाचा) नाही. स्टारक्राफ्ट टूच्या कॉम्प्युटर लेव्हलमध्ये एलिटपर्यंतचे सगळे सरळ खेळतात, त्याच्यावर तीन चीटर आहेत, पहिल्याला अख्खा मॅप दिसतो, दुसऱ्याला दिसतो आणि वर खनिजं पण जास्त मिळतात, तिसरा इन्सेन म्हणजे त्याहून जास्त. त्याला हरवणारे लोक बहुतेक वेळा बेसच्या चढावर, रॅम्पवर, भिंत बांधून, मागे तोफा लावून, त्याच्या लाटा आपटून घेत बसतात. सहनशक्तीला चांगलं आहे. पण स्काऊटिंगची, म्हणजे समोरच्याच्या टेहळणीची, मात्र वाट लागते, कारण दोन बेसवर एवढं सैन्य माणसाकडे असूच शकत नाही, आणि तुमचा डोळा त्या खोट्या आकड्याला सरावतो, मग लॅडरवर (ऑनलाइन रँकिंगच्या गेममध्ये) खरा माणूस आठ युनिट घेऊन येतो आणि तुम्ही पंचवीसची तयारी करून बसलेले असता. मी वर ज्या चीटिंगची बाजू घेतली ती एका ठरावीक हल्ल्यासाठी मोजून दिलेली, ही सरसकट.

त्यापेक्षा तिथेच कस्टम गेमच्या लॉबीत कॉम्प्युटरच्या लेव्हलशेजारी बिल्ड निवडायची सोय आहे, फुल रश, टायमिंग अटॅक, इकॉनॉमिक फोकस, सरळ हवेतलं सैन्य वगैरे. एलिट ठेवा, फुल रश ठेवा आणि महिनाभर तेवढंच अडवा. बरेच लोक ती यादी उघडून बघतच नाहीत.

आणि पायथन येतंय तर मग तुम्ही मजेत आहात. स्टारक्राफ्ट बनवणाऱ्या ब्लिझार्डने गूगलच्या डीपमाइंड या एआय कंपनीबरोबर २०१७ साली स्टारक्राफ्ट टूचा अधिकृत एपीआय (प्रोग्रामकडून गेम खेळवायची सोय) खुला केला, त्याच्यावर पायथन-एससीटू नावाची लायब्ररी आहे, फुकट. तिच्या उदाहरणांच्या फोल्डरमध्ये छोटे छोटे बॉट (आपोआप खेळणारे प्रोग्राम) आयतेच ठेवलेत, वर्कर रश, कॅनन रश, झर्ग रश, प्रॉक्सी बॅरक्स. म्हणजे लॅडरवर लोकांचं डोकं फिरवणारे जेवढे हलकट प्रकार आहेत ते सगळे, एकेका फाइलमध्ये. रन गेम लिहिलंय तिथे दोन खेळाडू दिलेले असतात, त्यातला एक बदलून ह्यूमन करायचा, रिअलटाइम ट्रू करायचं, आणि बसायचं समोर. रिअलटाइम विसरलात तर बॉटला गेम सेकंदासेकंदाने थांबून विचार करता येतो आणि तुम्हाला खेळता येणार नाही. कॅनन रशला (समोरच्याच्या बेसमध्येच तोफा बांधणं) रडणारा एखादा मित्र असेल तर त्याला हे संध्याकाळभर खेळायला लावा, उद्या तो लॅडरवर तोफेआधी बांधावा लागणारा पायलॉन दिसला की आपोआप दोन वर्कर पाठवेल. स्वतःचा बॉट चांगला जमला तर एआय अरीना म्हणून बॉट-बॉटची लॅडर आहे तिथे चढवा, पण तो वेगळा छंद आहे, तिथे गेलेला माणूस गेम खेळायचं सोडून कोडच लिहीत बसतो असं बघितलंय.

दादा, मी दहावीत आहे. ते अल्फास्टार प्रो प्लेअरला हरवतं ना, मग ते आपल्याला डाउनलोड करून का खेळता येत नाही? त्याच्याशी रोज खेळलो तर मी पण प्रो होईन. – जळगाव

आधी बोर्डाचा अभ्यास कर, मग प्रो हो. आता उत्तर. डीपमाइंडच्या अल्फास्टार या स्टारक्राफ्ट टू खेळणाऱ्या एआयने टीएलओ आणि माना या दोन प्रोना प्रत्येकी ५-० असं धुतलं, ते जानेवारी २०१९ मध्ये जगाला दाखवलं. एकेका एजंटला (अल्फास्टारच्या एकेका आवृत्तीला) शिकवायला १६ टीपीयू (गूगलच्या एआयसाठीच्या चिप) चौदा दिवस लागले, आणि तेवढ्यात त्याचा जास्तीत जास्त दोनशे वर्षांचा खेळ खेळून झाला. त्या वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत सुधारलेला अल्फास्टार युरोपच्या लॅडरवर ग्रँडमास्टर झाला, म्हणजे ९९.८ टक्के खेळाडूंच्या वर. पण हा रिसर्चचा प्रकल्प होता, घरी उतरवून खेळायला म्हणून तो कधी आलाच नाही.

आणि खरं सांगू, आला असता तरी तुझा फारसा फायदा झाला नसता. तू पाचव्या मिनिटाला मरशील आणि का मेलास ते कळणार नाही. रोज असं झालं तर माणूस शिकत नाही, फक्त वैतागतो.

पण त्यातली एक गोष्ट तुझ्या कामाची आहे. जानेवारीच्या त्याच कार्यक्रमात मानाने एक लाइव्ह गेम जिंकला. त्याने काय केलं, वॉर्प प्रिझम या उडत्या वाहनातून इमॉर्टल ही भारी युनिट घेऊन अल्फास्टारच्या घरामागे जायचा, अल्फास्टारचं सगळं सैन्य मागे पळत यायचं, हा उचलून निघून जायचा, सैन्य परत पुढे गेलं की हा पुन्हा मागे. तेच तेच परत, आणि एवढं हुशार मशिन त्यातून बाहेर पडायचा रस्ता शोधू शकलं नाही. एवढं खेळून पण भोक राहिलंच. नंतर ऑक्टोबरमध्ये जी पद्धत छापून आली तिच्यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही होती की अल्फास्टारच्या सरावासाठी मुद्दाम वेगळे एजंट बनवले होते, एक्स्प्लॉइटर म्हणायचे त्यांना. त्यांना सगळ्यांशी चांगलं खेळायचं नव्हतंच, मुख्य एजंटचं एखादं भोक हुडकायचं आणि तिथेच मारत राहायचं, तो ते भोक बुजवेपर्यंत. बघ म्हणजे, जगातल्या सगळ्यात भारी बॉटला पण शिकायला सगळ्यात भारी प्रतिस्पर्धी पुरला नाही, एकच वाईट खोड असलेले प्रतिस्पर्धी लागले. तुझे शेवटचे हरलेले गेम उघड, कशाने हरलास ते वहीत लिही, जे सगळ्यात जास्त वेळा येईल त्याचा बॉट शोध किंवा वर पुण्याच्या दादाला सांगितलंय तसा बनव.

मुलाच्या लहानपणीचा एज ऑफ एम्पायर्स मी निवृत्तीनंतर शिकलो, आता नवी आवृत्ती खेळतो. वय ६८. ईझीवर ठेवलं तर समोरचा नुसता बसून राहतो, मजा नाही. मॉडरेटवर ठेवलं तर माझा किल्ला बांधून व्हायच्या आत येऊन धडकतो. नीट लढणारा, पण उशिरा येणारा शत्रू मिळेल का? – सातारा

काका, तुमचं पत्र सगळ्यात आवडलं. प्रॅक्टिसचा प्रतिस्पर्धी म्हटलं की लोकांना अवघडच हवा असतो, तुम्ही पहिले आहात ज्यांना नेमकं काय हवंय ते माहितीय.

सोपा उपाय आधी. गेम लावताना सेटिंगमध्ये ट्रीटी लेन्थ म्हणून आहे, म्हणजे तह. तिथे मिनिटं निवडायची, तेवढ्या वेळात कोणी कोणावर हल्ला करू शकत नाही. ३० ठेवा. शत्रू मात्र मॉडरेटच ठेवा, कारण तहात त्यालाही तयारीला तेवढाच वेळ मिळतो, एक्स्ट्रीम ठेवलात तर तह संपल्या संपल्या जे काय समोर येईल ते बघवणार नाही. शिवाय गेम स्पीड, तो नॉर्मलला १.७ असतो, तो स्लोवर म्हणजे १ वर आणा. एकट्याने खेळताना त्यात काही कमीपणा नाही, आणि हाताला केवढा आराम मिळतो ते पहिल्याच गेमला कळेल.

किल्ल्याचं म्हणाल तर त्याला ६५० स्टोन लागतो आणि तुम्हाला सुरुवातीला मिळतो २००, म्हणजे ४५० खणायचाय, आणि कॅसल एजला ८०० फूड आणि २०० गोल्ड वेगळं. बहुतेक नवीन लोक कॅसल एजला पोचल्यावर मग दगडाकडे माणसं वळवतात, तुम्ही फ्युडलमधून पुढे जायचं बटण दाबलं की लगेच चार-पाच जण दगडावर पाठवा, एज बदलेपर्यंत बराचसा दगड जमलेला असेल.

आणि तह नको, शत्रूने हल्लाच उशिरा करावा असं वाटत असेल तर वर कोल्हापूरच्या पत्रातला गेम-टाइमचा नियम आहे त्यात ६०० च्या जागी १८०० लिहायचं. मुलाला सांगा, त्याचं लहानपण तुमच्या कॉम्प्युटरवर गेलंय, एवढं काम तो करेल.

लॅपटॉप जुना, ग्राफिक कार्ड नाही, पैसे खर्च करायचे नाहीत. सरावाला काही? – मडगाव

झिरो ए.डी. उतरवा. पूर्ण फुकट, ओपन सोर्स, विंडोज आणि लिनक्स दोन्हीवर चालतो, घडण एज ऑफ एम्पायर्सचीच, मौर्य पण आहेत त्यात, हत्तींसकट. त्याच्या कॉम्प्युटर प्रतिस्पर्ध्याचं नाव पेट्रा. अवघडपणा वेगळा निवडायचा आणि स्वभाव वेगळा, आक्रमक, बचावात्मक, संतुलित, आणि हा स्वभाववाला भाग फार कामाचा आहे, आक्रमक लावलात तर सुरुवातीलाच छोट्या टोळ्या यायला लागतात. पेट्रा सगळा जावास्क्रिप्टमध्ये लिहिलाय, उघडून वाचता येतो, बदलता येतो, फक्त मूळ फाइलला हात लावू नका, कॉपी करून वेगळा मोड बनवा. सैन्य फार वाढलं की जुन्या मशिनवर गेम अडखळतो, म्हणून पॉप्युलेशन कॅप (माणसांची कमाल संख्या) १०० वर ठेवा.

स्टारक्राफ्टचा पहिला भागही २०१७ पासून फुकट आहे आणि त्याच्या ब्रूड वॉर या जोडभागासाठी लोकांनी लिहिलेले बॉट तर ढिगाने आहेत, त्यांच्या स्पर्धा २०१० पासून चालू आहेत. काही बॉटमध्ये, उदाहरणार्थ स्टीमहॅमरमध्ये, सेटिंगच्या फाइलमधून कुठली ओपनिंग (सुरुवातीची चाल) खेळायची ते लिहून देता येतं, म्हणजे आपल्याला पाहिजे तसाच प्रकार झाला. अडचण एवढीच की हे बॉट ज्याच्यावर चालतात तो बीडब्ल्यूएपीआय जुन्या १.१६.१ व्हर्जनवरच चालतो, आज फुकट मिळणारं व्हर्जन त्याच्यापुढचं आहे. तेव्हा घरात जुनी सीडी असेल तर ती आधी शोधा, नसेल तर पेट्रा.